दुधातून विषाणूविरोधी प्रतिपिंडे : शेळीच्या कासेत औषध तयार होतं, मग ते रेबीजसाठी का नाही?

माळरान :

नमस्कार. धागा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

२४ दिवसांपूर्वी शेजारच्या वस्तीवर सहा वर्षांच्या एका मुलीला पिसाळलेलं कुत्रं चावलं. गालावर आणि मनगटावर. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली, हे मी स्वतः उभं राहून करून घेतलं. जवळच्या दवाखान्यात लस मिळाली, पण सीरम, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, नव्हतं. चेहऱ्यावर रक्त निघणारा चावा म्हणजे तिसऱ्या, सर्वांत धोक्याच्या श्रेणीची जखम. लस टोचल्यावर शरीराला स्वतःची प्रतिपिंडे (विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने) तयार करायला आठ-दहा दिवस तरी लागतात आणि तेवढ्यात विषाणू नसेत शिरू शकतो. म्हणून तयार प्रतिपिंडे थेट जखमेत आणि तिच्या आजूबाजूला टोचावी लागतात. तिसऱ्या ठिकाणी, रात्री अकराला, ती मिळाली. मुलगी ठीक आहे.

मी पशुवैद्यक. तीस वर्षं याच कामात गेली. त्या रात्री जीपमध्ये एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. जी वस्तू शोधत आम्ही हिंडत होतो, ती मी रोज सकाळी गोठ्यात बादलीभर पाहतो. चिकात.

गाय, म्हैस, शेळी यांच्या वारेतून प्रतिपिंडे पोटातल्या पिलाकडे जात नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात संरक्षण जवळजवळ शून्य असतं. ते सगळं चिकातून येतं. पहिल्या धारेच्या चिकात लिटरला ५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रतिपिंडे असतात. वासराचं आतडं ती पहिल्या २४ तासांत अख्खीच्या अख्खी रक्तात घेतं आणि मग ती वाट बंद होते. खरवसासाठी पहिला चीक काढून ठेवणाऱ्या घरांशी मी याच कारणानं भांडत आलो आहे. आधी वासराला पोटभर, उरला तर खरवस. आईच्या दुधातून पिलाला संरक्षण मिळतं हे पॉल एर्लिख यांनी १८९२ मध्ये उंदरांवर दाखवलं होतं. संरक्षण मिळालेल्या मादीला दुसरीची पिलं पाजायला दिली, तर त्या पिलांनाही ते मिळालं.

आता पुढची पायरी. कासेत केसीनसारखी दुधाची प्रथिने ज्या जनुकांमुळे तयार होतात, त्यांच्यापुढे एक 'चालू करा' असा तुकडा असतो. तो फक्त दुभत्या कासेतच जागा होतो. तो तुकडा उचलायचा, त्याच्यामागे माणसाच्या प्रतिपिंडाचं जनुक जोडायचं आणि हे शेळीच्या भ्रूणात घालायचं. जन्मलेली पाट (मादी करडू) मोठी होऊन व्याली की तिच्या दुधात ते प्रतिपिंड उतरतं. दूध प्यायचं नाही, त्यातून प्रतिपिंड गाळून इंजेक्शन बनवायचं.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. १९९० साली स्कॉटलंडमध्ये ट्रेसी नावाची मेंढी जन्मली. तिच्या दुधात फुफ्फुसाच्या एका आजारावरचं मानवी प्रथिन लिटरला ३५ ग्रॅम उतरत होतं, म्हणजे दुधातल्या एकूण प्रथिनांच्या जवळपास निम्मं! अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या जीटीसी कंपनीनं शेळीच्या दुधातून अँटिथ्रॉम्बिन काढलं. रक्ताच्या गुठळ्या रोखणारं हे प्रथिन ज्यांच्यात जन्मजात कमी असतं अशा रुग्णांसाठी 'एट्रिन' या नावानं त्याला युरोपात २००६ साली आणि अमेरिकेत फेब्रुवारी २००९ मध्ये मान्यता मिळाली. जेवढं अँटिथ्रॉम्बिन मिळवायला ९०,००० रक्तदानं लागतील तेवढं एक शेळी वर्षात देते, असा कंपनीचा हिशोब होता. नंतर सशाच्या दुधातून दोन औषधं आली : 'रुकोनेस्ट' (युरोप २०१०, अमेरिका २०१४) आणि हिमोफिलियावरचं 'सेव्हनफॅक्ट' (अमेरिका, २०२०).

या तिन्हींत एकही प्रतिपिंड नाही. तिन्ही दुर्मीळ आजारांसाठी. ज्या कासेचा मोठेपणा 'भरपूर आणि सतत' हा आहे, तिच्याकडून आपण चिमूटभर लागणारी महाग औषधं काढली. रेबीजसारख्या आजारावर, जिथं खेड्यापाड्यात भरपूर प्रतिपिंडे हवीत, तिथं ही कास का वापरू नये? माझं म्हणणं एवढंच आहे. जाणकारांनी खोडून काढावं.

अबोली :
मुलगी ठीक आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. सीरम आणि लस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. हे सीरम आता कशापासून बनवतात?

माळरान :
अबोलीताई, जुनी पद्धत घोड्याची. घोड्याला सापाच्या विषाची किंवा रेबीजच्या लसीची थोडी थोडी मात्रा टोचत त्याच्या रक्तात प्रतिपिंडे वाढवायची, मग रक्त काढून ती वेगळी करायची. आपल्याकडे हाफकिननं याच पद्धतीनं सर्पदंशाचं आणि रेबीजचं सीरम बनवलं. काही लोकांना घोड्याच्या प्रथिनाचं वावडं असतं, म्हणून डॉक्टर टोचताना लक्ष ठेवतात. दुसरा प्रकार माणसाच्या रक्तातून काढलेला, तो महाग आणि मोजकाच मिळणारा. मात्रेचा फरकही पाहा : घोड्याचं सीरम वजनाच्या किलोमागे ४० एकक, माणसाचं २०.

किण्वन :
मी पुण्याजवळ जैवऔषधांच्या कारखान्यात शुद्धीकरणाचं काम करतो. माळरान साहेब, तुमच्या यादीत एक महत्त्वाची गोष्ट राहिली आणि ती आपल्या शेजारचीच आहे. सीरम इन्स्टिट्यूटनं अमेरिकेतल्या मासबायोलॉजिक्स संस्थेबरोबर रेबीजविरुद्धचं मानवी एकजातीय (एकाच पेशीच्या वंशातून निघणारं, सगळं एकसारखं) प्रतिपिंड तयार केलं आणि २०१७ मध्ये ते 'रॅबिशील्ड' नावानं बाजारात आलं. मात्रा किलोमागे ३.३३ एकक. पुढे झायडसचं दोन प्रतिपिंडांचं मिश्रणही आलं. म्हणजे घोड्याला पर्याय तयार झाला आहे, फक्त तो कासेतून आला नाही. रॅबिशील्ड हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या बीजांडापासून वाढवलेल्या पेशींत बनतं. आम्ही त्यांना 'चो' पेशी म्हणतो.

कास मागे का पडली ते या चो पेशींमुळेच. ऐंशीच्या दशकात या पेशी लिटरला काही मिलिग्रॅमच प्रतिपिंड देत. तेव्हा शेळीचे लिटरला काही ग्रॅम म्हणजे चमत्कार वाटणं साहजिक होतं. आज चांगली पेशीजात लिटरला ५ ग्रॅम सहज देते. १०,००० लिटरच्या एका टाकीतून दोन आठवड्यांत ५० किलो कच्चा माल निघतो.

माळरान :
किण्वन, मनापासून आभार. हिशोब मांडू या. चांगली सानेन शेळी वर्षाला ८०० लिटर दूध देते. लिटरला १० ग्रॅम धरले तर ८ किलो. तुमची टाकी वर्षात २० वेळा भरली तर १,००० किलो. म्हणजे सव्वाशे शेळ्या एका टाकीच्या बरोबरीच्या. सव्वाशे शेळ्यांचा कळप आमच्या भागात एकटा माणूस सांभाळतो. पोलादी टाकी, निर्जंतुक हवा, पेशींचं महागडं खाद्य, यांतलं काहीच लागत नाही. शेळी पाला खाते.

तांबडी_माती :
काका, मी उस्मानाबादी शेळ्या पाळतो, लहान तोंडी मोठा घास होईल पण विचारतो. उस्मानाबादी काही ८०० लिटर देत नाही हो. आणि अशी शेळी दगडी झाली, कास सुजली, सडातून पू यायला लागला तर त्या दुधाचं काय? औषध टोचलं की आम्ही तीन-चार दिवस दूध डेअरीला घालत नाही. तुम्ही तर तेच दूध माणसाच्या अंगात टोचणार.

दुसरं, निम्मे बोकड होणार. त्यांचं काय करायचं?

किण्वन :
तांबडी_माती, दोन ओळींत तुम्ही अख्खा प्रश्न मांडला. सव्वाशे शेळ्यांचा कळप आणि औषधाच्या सव्वाशे शेळ्या यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तो गोठा बंदिस्त लागतो. चारा कुठून आला, कोणती शेळी कधी आजारी पडली, कुणाला काय टोचलं याची नोंद धारेगणिक लागते. कासदाह झालेल्या शेळीचं दूध सरळ टाकून द्यायचं. चरायला सोडण्याचा प्रश्नच नाही.

आणि दूध आमच्या हातात आलं की खरं काम सुरू. आधी साय काढायची. मग केसीनचे सूक्ष्म गोळे पडद्यांतून गाळायचे, कारण ते नळ्या तुंबवतात. मग प्रतिपिंड धरून ठेवणाऱ्या स्तंभातून निवळी सोडायची. शेळीची स्वतःची प्रतिपिंडेही त्याच दुधात असतात, ती माणसाच्या प्रतिपिंडापासून सोडवून काढायची. त्यानंतर विषाणू मारायच्या आणि गाळायच्या पायऱ्या, आणि त्या चुकता येत नाहीत. एवढ्या सगळ्यात निम्मा माल गेला तर मला आश्चर्य वाटणार नाही. प्रतिपिंडाच्या किमतीतला मोठा वाटा याच शुद्धीकरणाच्या दालनात जातो आणि हे दालन टाकीवाल्याला जेवढं लागतं तेवढंच शेळीवाल्याला लागतं. पाला फुकट मिळाला म्हणून कुपी फुकट होत नाही.

दक्षिणवारा :
मी न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला राहते. इथल्या रुआकुरा केंद्रात अ‍ॅगरिसर्च संस्थेनं नेमकं हेच केलंय, फक्त विषाणूऐवजी कर्करोगासाठी. आतड्याच्या कर्करोगावर सेटुक्सिमॅब नावाचं प्रतिपिंड देतात. ते दुधात देणाऱ्या शेळ्या त्यांनी तयार केल्या. दुधात लिटरला १० ग्रॅमपर्यंत मिळालं, म्हणजे माळरान यांनी धरलेला आकडा हवेतला नाही.

त्यातली मला फार आवडलेली गोष्ट सांगते. बाजारातलं सेटुक्सिमॅब उंदराच्या पेशींत बनतं आणि त्याच्या अंगावर अल्फा-गॅल नावाची एक साखर चिकटलेली असते. अमेरिकेच्या आग्नेय भागात काही रुग्णांना पहिल्याच मात्रेला जीवघेणी अ‍ॅलर्जी व्हायची. शोधता शोधता कळलं की तिथं एक विशिष्ट गोचीड चावते आणि तिच्यामुळे माणसाचं शरीर त्या साखरेविरुद्ध आधीच पेटलेलं असतं. शेळीच्या दुधातल्या सेटुक्सिमॅबवर ती साखर सापडली नाही. म्हणजे कास नुसती भरपूर देते असं नाही, काही बाबतींत मालही बरा निघतो.

मेंढ्या-शेळ्यांचा मेंदू पोखरणारा स्क्रेपी हा रोग न्यूझीलंडमध्ये नाही. म्हणून अमेरिकेतल्या एट्रिनच्या कळपासाठीही शेळ्या इथूनच नेल्या होत्या.

तांबडी_माती :
गोचीड आणि कॅन्सरचं औषध! हे आज मी घरी सगळ्यांना सांगणार.

गोरजवेळ :
सगळे आकड्यांत रमले आहेत म्हणून जनावराच्या बाजूनं लिहिते. भ्रूणात जनुक टोचायच्या जुन्या पद्धतीत शंभरातली दोन-तीनच पिलं कामाची निघत. क्लोनिंगनं, म्हणजे एका जनावराची हुबेहूब प्रत काढताना, डॉली मेंढीसाठी २७७ प्रयत्न लागले. गर्भ राहून पडणारे, फुगलेल्या आकाराचे, जन्मताच मरणारे जीव यांचा हिशोब कोणत्या कुपीत लिहिणार? दक्षिणवारा यांच्याच रुआकुरात २०१२ मध्ये डेझी नावाची कालवड तयार झाली होती. तिच्या दुधात अ‍ॅलर्जी करणारं एक प्रथिन नव्हतं. ती शेपटीविना जन्मली. ट्रेसीची कंपनी बुडाली तेव्हा तिच्या न्यूझीलंडमधल्या मेंढ्यांचा कळपच्या कळप मारून टाकला. पैसे संपले आणि जनावरं संपवली.

मला रेबीजनं गेलेलं लेकरूही दिसतं. पण जनावराला यंत्र समजू लागलो की थांबायचं कुठे हे कळत नाही.

माळरान :
गोरजवेळ, तुमचं एकही वाक्य मला खोडता येत नाही. दोनच गोष्टी जोडतो. जनुक एकदा नीट बसलं की पुढची पिढी साध्या पैदाशीनं होते, पुन्हा क्लोनिंग लागत नाही. आणि दुधात उतरणारं रेबीजचं प्रतिपिंड शेळीला स्वतःला त्रास देईल असं कारण दिसत नाही, कारण ते विषाणू सोडून कशालाच चिकटत नाही. हेच एखाद्या संप्रेरकाबद्दल म्हणता येणार नाही, ते रक्तात झिरपलं तर जनावर आजारी पडेल. घोड्याच्या सीरममध्ये मात्र घोड्याचं रक्त पुन्हा पुन्हा काढतात. धार काढणं आणि रक्त काढणं यांत मी धार निवडेन.

बोकडांचं उत्तर राहिलं होतं. निवडक पैदाशीला ठेवतात. बाकीचे खाटकाकडे जाऊ शकत नाहीत. जनुक बदललेलं जनावर अन्नसाखळीत येता कामा नये, आपल्याकडे १९८९ च्या नियमांखाली अशा प्रत्येक कामाला परवानगी लागते. त्यांचं काय होतं ते तुम्हाला समजलंच असेल. मलाही ते जड जातं.

अबोली :
कोविडच्या वेळी गायीच्या दुधातून प्रतिपिंडे काढली असं कुठेतरी वाचलं होतं. खरं आहे का?

किण्वन :
गाय खरी, दूध नाही. अमेरिकेत साउथ डकोटामधल्या सॅब कंपनीकडे अशा गायी आहेत ज्यांच्यात माणसाच्या प्रतिपिंडांच्या जनुकांचा मोठा संच बसवला आहे. गायीला विषाणूची लस टोचली की ती माणसाची प्रतिपिंडे बनवते, आणि ती तिच्या रक्तद्रवातून काढतात. मर्स या कोरोनाविषाणूच्या आजाराविरुद्धच्या अशा औषधाची निरोगी स्वयंसेवकांवर चाचणी झाली, कोविडचंही मोठ्या चाचणीपर्यंत पोचलं होतं. यात एक मोठी सोय आहे : विषाणू नवा आला तर गाय नवी बनवावी लागत नाही, लस बदलायची.

माळरान यांच्या शेळीत तसं नाही. तिच्यात एकच प्रतिपिंड कायमचं कोरलेलं. भ्रूणापासून दुधाच्या पहिल्या थेंबापर्यंत दीड वर्ष तरी धरा : पाच महिने गाभण, मग पाट वयात येणार, मग तिचं स्वतःचं गाभणपण. कोविडमध्ये बामलानिविमॅब नावाच्या चो पेशींतल्या प्रतिपिंडाला नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत तातडीची मान्यता मिळाली आणि विषाणूनं रूप बदलल्यामुळे ते एकट्यानं द्यायची मान्यता एप्रिल २०२१ मध्ये काढूनही घेतली. एवढ्या काळात तुमची पाट व्यालीही नसती.

माळरान :
मान्य. म्हणजे शेळी फक्त अशा विषाणूसाठी जो पटकन रूप बदलत नाही आणि वर्षानुवर्षं त्याच प्रतिपिंडाला बधतो. रेबीज तसा आहे. लहान बाळांच्या छातीत बसणारा आरएसव्हीही बऱ्यापैकी तसा. त्याविरुद्ध निर्सेविमॅब हे प्रतिपिंड आलं आहे. पाच किलोच्या आतल्या बाळाला ५० मिलिग्रॅमची एक मात्रा. एका शेळीच्या ८ किलोतलं किण्वन म्हणतात तसं निम्मं गेलं तरी ४ किलो, म्हणजे ८०,००० बाळं. एक शेळी, एक वर्ष!

दक्षिणवारा :
८०,००० वाचून अंगावर काटा आला.

दूध गाळायचंच नाही, प्यायचंच, असाही एक रस्ता होता. १९९८ मध्ये माद्रिदच्या शास्त्रज्ञांनी डुकराच्या पिलांना जुलाब लावून मारणाऱ्या एका कोरोनाविषाणूविरुद्धचं प्रतिपिंड उंदरिणींच्या दुधात आणलं आणि ते दूध त्या विषाणूला निष्प्रभ करत होतं. तिथं हेतू औषध काढायचा नव्हता, मादीनं पाजूनच आपली पिलं वाचवावीत हा होता. हिपॅटायटिस एविरुद्धचं मानवी प्रतिपिंडही उंदराच्या दुधात आणून झालंय.

तांबडी_माती :
हे मला सगळ्यांत पटलं. करडं हगवणीनं जातात तेव्हा आमचं वर्षाचं उत्पन्न जातं.

माळरान :
आणि तिथं किण्वन यांचं महागडं दालन लागत नाही. आतड्यातल्या विषाणूला आतड्यातच गाठायचं. रोटाविषाणूसाठी मुलांना गायीच्या चिकातली प्रतिपिंडे तोंडावाटे देऊन पाहण्याचे प्रयोग झाले आहेत, जनुकबदल न करता, नुसती गाभण गायीला लस टोचून.

रेबीजला मात्र तोंडावाटे देऊन उपयोग नाही. माणसाच्या पोटात प्रतिपिंड पचून जातं, वासरासारखी वाट आपल्याला नाही.

किण्वन :
माळरान साहेब, शेवटचं आणि थोडं कठीण बोलतो. तुमच्या वस्तीवरच्या मुलीला त्या संध्याकाळी सीरम मिळालं नाही, ते देशात बनत नाही म्हणून नव्हे. घोड्याचं बनतं, पेशींतलंही बनतं. त्या दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ते नव्हतं. शेळीनं कितीही स्वस्त दिलं तरी मागणी नोंदवणं, साठा संपायच्या आत नवा आणणं, २ ते ८ अंशांत वस्तीपर्यंत पोचवणं हे शेळी करणार नाही. शुद्धीकरणात वीस वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, आम्ही बनवलेल्या मालाचा शेवटचा प्रवास आमच्या हातात नसतो, आणि हे मला रोज सलतं.

माळरान :
दोन दिवस उत्तर दिलं नाही, क्षमस्व. तुमचा प्रतिसाद चार वेळा वाचला.

तुमचं बरोबर आहे. त्या रात्रीचा राग मी कासेकडे वळवला, कारण कास मला कळते. दुधातल्या प्रतिपिंडांवरचा विश्वास कायम आहे. करडं-वासरं हगवणीनं मरतात तिथं आणि आरएसव्हीसारख्या ठिकाणी त्यावर आपल्याकडच्या संस्थांनी काम करावं असं मला आजही वाटतं. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेनं म्हशीचं क्लोनिंग २००९ मध्येच करून दाखवलं, म्हणजे हात आपल्याकडे आहेत. पण रेबीजच्या बाबतीत मी चुकीच्या टोकाला धरून बसलो होतो.

काल तालुक्यातल्या सगळ्या दवाखान्यांत फिरून रेबीजचं सीरम किंवा प्रतिपिंड कुठे असतं, कुठे नसतं, रात्री कोण उघडतं ते लिहून घेतलं. सात ठिकाणांपैकी दोन ठिकाणी होतं. ही यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर लावतो आहे, कारण तिथं रोज सकाळी गावातलं प्रत्येक घर येतं. दर पंधरा दिवसांनी फोन करून ती ताजी करायची जबाबदारी दूध घालणाऱ्या दोन पोरांनी घेतली आहे.

आज २८वा दिवस. मुलीला शेवटचा डोस सकाळी दहाला दिला, मी बरोबर गेलो होतो. गालावरची जखम भरली आहे. परत येताना तिनं विचारलं, आमची शेळी आता व्यायला आली आहे, तिचा चीक करडांना किती वेळ पाजायचा? म्हटलं, पहिल्या सहा तासांत जितका पितील तितका.

अबोली :
माळरान, ती यादी कशी केलीत, कुणाला काय विचारलंत, तेवढं इथं लिहाल का? आमच्या तालुक्यासाठी करायची आहे.